नारळ मीच उभा केला

हे मी आजवर कुणाला म्हणून बोलले नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याच्यापाशी तर माझ्या पोटात काही राहत नाही.

दोन हजारच्या दशकात मी जर्मनीत, ब्रांडेनबुर्गमध्ये पीएचडी करत होते. विषयाचं नाव भारदस्त, काम साधं – तिथल्या वाळूच्या, कोरड्या शेतांत झाडांचे पट्टे लावायचे, म्हणजे वाऱ्याने माती उडत नाही, ओल टिकते. फ्राउ लेमान नावाच्या म्हाताऱ्या शेतकरीण बाईंनी आपलं शेत दिलं होतं. रोपं देणार होते त्यांचे शेजारी हेर क्राउझं, तिथले फोर्स्टर, म्हणजे वनाधिकारी. दोघांची जन्माची मैत्री, दुपारची कॉफी एकत्र. जमिनीत बोअर मारून पट्ट्याची जागा ठरवायची, हे काम माझं. मग दर आठवड्याला एकटीने तिथे जाऊन ओल मोजायची, तेही माझंच.

क्राउझं म्हणाले, पाइनच्या जंगलाला लागून लावा. मी गेले. हातबोअर, म्हणजे खालची माती वर काढणारा हाताचा गिरमिट, फिरवला – खाली गार, ओली चिकणमाती. याहून चांगली जागा नव्हती. पण ते जंगल… कसं सांगू? रांगेत लावलेली एकसारखी झाडं. पाखरू नाही, वारा नाही. मी वाकून माती बघत होते आणि कुणीतरी माझ्या मानेकडे बघत होतं. वर पाहिलं, तर पहिली रांग मघापेक्षा जवळ. हसू नका. मी माण तालुक्यातली, उजाड माळावर वाढलेली – मला झाडांची भीती वाटावी? बोअर तिथेच टाकून मी पळत सुटले.

दर आठवड्याला इथे यायचं? छे. मी सांगून टाकलं, तिथे नुसती वाळू आहे, रस्त्याकडे लावू, बसस्टॉपजवळ.

क्राउझंना पटेना. तेव्हा मी – हे सांगताना जीभ अडखळते – नारळ आणला. आमच्याकडे पाणाडी तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरतो. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. माझा मामा ते करायचा. अंगठा हळूच कसा लावायचा, तेही त्यानेच शिकवलं होतं. रस्त्याकडे आल्यावर मी अंगठा लावला. फ्राउ लेमान हरखूनच गेल्या, आणि पट्टा तिथेच लागला.

तिथे उन्हाळ्यातही पाऊस पडतो, पण त्या उन्हाळ्यात तो फिरकलाच नाही. रोपं वाळली. हरणांनी खाऊ नयेत म्हणून प्रत्येकाभोवती प्लॅस्टिकची नळी होती. आता नळ्या पोकळ उरल्या. वारा आला की सगळा पट्टा घुमायचा – हूंऽ – दाराआड कुणी रडावं तसा. बसस्टॉपवर उभी राहून मी ते ऐकायची. भीती टाळायला हीच जागा निवडली होती ना मी?

एकदा फ्राउ लेमान नळीत वाकून बघत म्हणाल्या, "नारळ खोटं बोलला नाही. क्राउझंनीच रोगट रोपं दिली, हो ना?"

मी मान हलवली. आपली ती अर्धवट मान – हो पण आणि नाही पण. त्यांनी ती 'हो' समजली. मला 'हो'च म्हणायचं होतं.

कॉफी बंद झाली. क्राउझंनी मला विचारलं, "तू तिथे नक्की वाळूच पाहिलीस?" मी म्हटलं, "या, गेनाऊ." हो, अगदी बरोबर, वाळूच.

हिवाळ्यात फ्राउ लेमान वारल्या. क्राउझं चर्चच्या दारापर्यंत आले आणि बाहेरच टोपी हातात धरून उभे राहिले. मी आत होते. लेमानबाईंच्या मुलीने मला घरच्यांबरोबर पुढच्या बाकावर बसवलं होतं, आणि मी बसले.