बाबांचा अंगठा

ऐंशीनंतरची गोष्ट. आमची कंपनी उत्तरेत, बर्फातल्या पोस्टवर होती. मी हवालदार, पालघरच्या किनाऱ्यावरल्या नवापूरचा कोळी. लान्स नायक पास्कल पालघरजवळचा, ख्रिस्ती शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा. युनिटात आमच्याकडचे आम्ही दोघंच. सुट्टीसुद्धा बरोबरच मागायचो.

माझा बाप मी लहान असताना होडीसकट गेला. सापडलाच नाही. बाप घरात असतो म्हणजे काय, ते मी पास्कलच्या घरी पाहिलं. संध्याकाळी सगळे क्रुसासमोर गुडघे टेकायचे आणि त्याचे वडील, फ्रान्सिसबाबा, प्रार्थना सांगायचे. ती संपली की पास्कल वाकायचा. बाबा अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढायचे. ड्युटीवर परत निघताना तर हमखास. पहिल्या खेपेला मी बाजूला उभा राहिलो, तर म्हातारा करवादला, "तू काय पावना हायेस? वाक."

पोस्टवर पास्कल रोज तीच प्रार्थना म्हणायचा. मी चिडवायचो, लेका, तुमचा वरचा बाप एवढ्या थंडीत जागा असतो का? तो म्हणायचा, घरच्या बाबासारखाच असणार, पोरं परत येईपर्यंत झोपत नसेल. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

एक दिवस सकाळी त्याची पेट्रोल पार्टी गस्तीला निघाली. पोस्टवर वायरलेस सेटपाशी मी होतो. दुपारी त्याचा आवाज आला.

"पुढे बर्फ सैल आहे. ओव्हर."

कॅप्टन साहेबांनी मागे फिरायला सांगितलं. मी ऑर्डर कळवली.

"रॉजर."

तेवढंच. मग वरचा बर्फाचा कडा सुटला. अंधार पडेपर्यंत मी कॉल देत होतो. सेट नुसता खरखरत राहिला.

बर्फ खणून आम्ही त्याला काढलं. पेटी उघडायची नाही, अशी ऑर्डर आली. ती का आली, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एस्कॉर्ट म्हणून मीच पेटी घेऊन पालघरला उतरलो.

फ्रान्सिसबाबा रडले नाहीत. पेटीजवळ आले, अंगठा पुढे केला आणि थांबले. मला विचारलं,

"डोकं कुटल्या बाजूला हाय?"

वाटेत पेटी कितीदा उतरवली, चढवली. दोन्ही टोकं सारखीच. मला सांगता येईना. तेव्हा वाटलं, त्या पेटीत मी असतो तर बरं झालं असतं, माझी वाट बघणारा बाप तरी नव्हता. बाबांनी एका टोकावर क्रूस काढला. मग चालत जाऊन दुसऱ्या टोकावरही काढला.

चर्चचे फादर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की देवबापानेही आपला एकुलता पुत्र दिला, तुमचं दुःख त्याला कळतं. बाबा शांतपणे म्हणाले,

"त्याचा पोर तिसऱ्या दिवशी उटला, फादर."

त्यानंतर त्यांनी घरात प्रार्थना सांगितली नाही. क्रूस भिंतीवर आहे, रोज पुसलेला असतो.

पेन्शनीत आल्यापासून मी दर वर्षी पास्कल गेला त्या तारखेला जातो. आधी कबरीवर सॅल्यूट, मग घरी. बाबा चहा पाजतात, वाडीतले चिकू बांधून देतात. निघताना मी वाकतो, थोडा वेळ तसाच राहतो. त्यांचा हात गुडघ्यावरून उठत नाही.