चुकलेला ठोका

नव्या गादीतल्या कापसाचा कोमट वास आला की मुकुटबनची ती दुपार आठवते. शेजारचे पिंजारी चाचा आढ्याला टांगलेल्या धनुकलीनं कापूस पिंजत होते, तिची तुंग-तुंग सगळ्या गल्लीत भरली होती, आणि चाची आमच्या अंगणात आईसोबत तूर निवडत बसली होती. बोलता बोलता तिचा हात एकदम थांबला. "काहून वो, काय झालं?" आईनं विचारलं. "ह्यायचा हात चुकून राह्यला," म्हणत चाची अनवाणीच घराकडे धावली. आम्हाला तर आवाज तसाच वाटत होता. मागोमाग जाऊन पाहिलं, तर चाचांचं तोंड वाकडं झालं होतं, डावा हात लुळा पडला होता, आणि उजवा मात्र धनुकलीच्या तातीवर ठोके मारतच होता. वडिलांनी जीपमधून त्यांना वणीला दवाखान्यात नेलं. वेळेवर आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. पण चाचांना पुन्हा कापूस पिंजता आला नाही. "तुमाले आमच्या अंगणात बसल्या बसल्या कसं समजलं, चाची?" मी पुढं एकदा विचारलं. "आवाज बराबर असला का मले ऐकूच येत नाही, बेटा," ती म्हणाली. "त्या दिवशी ऐकू आला." हल्ली दुपारी काम करताना चाचीसारखा माझाही हात मधेच थांबतो, आणि आतल्या खोलीतून नवऱ्याची चाहूल लागल्याशिवाय पुन्हा चालत नाही.