धूळडॉक्टरचा सोमवार

दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे धूळडॉक्टरच म्हणायचे. साठीला टेकलेला माणूस, केस पांढरे, पण टोपणनावाला वयाची कसली चाड! लॅपटॉप समोर आला की तो आधी की-बोर्डवरून बोट फिरवायचा, ते गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचा आणि विचारायचा, "दात रोज घासता ना? मग यानं काय घोडं मारलंय?" गिऱ्हाईक ओशाळायचं. पंख्यात धूळ बसली की आतली गरमी आतच राहते, लॅपटॉप तापतो, रेंगाळतो आणि एक दिवस मान टाकतो, हे तो दिवसातून दहादा सांगायचा. घरी सांगायला कोणी नव्हतं, हेही त्याचं एक कारण. लग्न राहून गेलं ते गेलंच, आई गेली, बहीण तिच्या संसारात. संध्याकाळी शटर ओढलं की सकाळी ते वर करेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

म्हणून महिन्याच्या पहिल्या सोमवारची तो वाट बघायचा. त्या दुपारी ग्रंथपालबाई यायच्या. त्या निवृत्त, आणि त्याही एकट्याच. घरी बसून जाड पुस्तकांच्या मागच्या, कोणता शब्द कोणत्या पानावर ते सांगणाऱ्या सूच्या तयार करायच्या आणि ते करताना लॅपटॉपवर बिस्किटं खायच्या. तो लॅपटॉप उपडा करून चुरा झटकायचा आणि त्या स्टुलावर बसून गमती सांगायच्या. "सूचीत 'सासू'पुढे 'पाहा : भूकंप' असं लिहायला हात शिवशिवतात हो," असं त्या म्हणाल्या की तो ब्रश खाली ठेवून हसायचा. अर्ध्या तासाचं काम त्याला दीड तास पुरायचं. आदल्या दिवशी तो शर्टाला इस्त्री करायचा आणि का करतोय हे स्वतःलाही विचारायचा नाही.

असाच एक सोमवार. त्याने खालचं झाकण उघडलं आणि त्याचं डोकं सणकलं. पंख्याभोवती पांघरुणाच्या तंतूंचा चक्क बोळा झाला होता.

"पलंगावर ठेवून काम करता?"

"खुर्चीत पाय आखडतात," बाई म्हणाल्या. "आणि पलंग मोठा आहे. अर्धा रिकामाच असतो."

इथे शहाण्या माणसाने निदान चहा तरी मागवला असता. पण आमचा डॉक्टर पडला धुळीचा हाडवैरी. त्याने बाईंनाच स्टुलावरून उठवून टेबलाशी बसवलं आणि शाळा सुरू केली. आधी लॅपटॉप बंद करायचा, चार्जर काढायचा. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. दाबून भरलेल्या हवेच्या डब्याने थोडी थोडी हवा मारायची, तीही काडीने पंखा अडवून, नाहीतर तो गरगर फिरून बिघडतो. स्क्रीनवर काही शिंपडायचं नाही. मऊ फडकं जरासं ओलं करून हलक्या हाताने पुसायचं. पांघरुणावर ठेवायचाच असेल तर खाली लाकडी फळी घ्यायची. बाईंनी सगळं लिहून घेतलं, करूनही दाखवलं. हात इतका नेटका की डॉक्टरची छाती फुगली.

"वा, बाई. आता तुम्हाला माझ्याकडे यायची गरजच नाही," तो म्हणाला.

काय म्हणावं या माणसाला! बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "असं म्हणता?" एवढंच त्या म्हणाल्या आणि लॅपटॉप पिशवीत घालायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला. तो मात्र आपल्याच कौतुकात होता.

पुढच्या महिन्यात बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे बघत बसायचा आणि आलेल्या गिऱ्हाइकावर खेकसायचा. तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याला राहवलं नाही. त्याने वहीतून नंबर शोधला, घसा खाकरून साफ केला आणि फोन लावला.

"लॅपटॉप तापत नाही ना?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही. दर सोमवारी पुसते, तुम्ही सांगितलं तसंच. बिस्किटंही आता लांब बसून खाते."

"आणि पंखा?"

"आवाजसुद्धा नाही त्याचा."

आता काय विचारायचं? येऊन जा म्हणावं, तर कशासाठी? आयुष्यभर त्याने कोणाला सहज या असं म्हटलंच नव्हतं. माणसं यायची ती काहीतरी बिघडलं म्हणून. तुमच्यावाचून सोमवार जात नाही, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते.

"आणखी काही होतं का?" बाईंनी विचारलं. आवाज हळू होता.

"नाही, एवढंच. चांगलं ठेवलंत तुम्ही," तो म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या.

मग दोघंही गप्प झाले. उगाच बाईंचा वेळ जायला नको म्हणून त्याने फोन ठेवला. त्या फोन ठेवत नव्हत्या, हे त्याच्या लक्षात आलं ते ठेवून झाल्यावर.