ग्रहणाच्या दुपारी घेतलेली चाचणी

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. त्या दुपारी कर्नाटकाच्या किनाऱ्यापासून ओरिसाच्या किनाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण झाले. नागपूर त्या पट्ट्याच्या उत्तरेला, त्यामुळे तिथे ते खंडग्रास होते.

पाहणारे मात्र थोडेच. गांधीबागेतली कापडाची दुकाने दुपारच्या आतच बंद झाली, आणि रस्त्यावर कुत्र्यांखेरीज कोणी उरले नाही. अशा दुपारी प्रेमिला लोणारे एका सहकारी बियाणे संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर टर्मिनलसमोर एकटी बसली होती. बाकीच्या सात जणींनी रजा टाकली होती. प्रेमिलाच्या घरात ग्रहण पाळत नसत. तिचे वडील ताराचंद गिरणीत कामाला होते. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातली जी जुनी बंधने मोडली, त्यांतले हे एक. त्या दिवशी वेळेवर हजर होण्याचा तिला अभिमान होता, आणि तो तिने लपवलाही नव्हता.

संस्थेने मुंबईतला एक संगणक भाड्याने घेतला होता. तो इतरही अनेक कचेऱ्या वापरत. गावोगावच्या डेपोंतला बियाण्यांचा साठा नागपूरच्या टर्मिनलवरून टेलिफोनच्या तारेने तिकडे पाठवायचा आणि हिशेब छापून परत घ्यायचा, अशी व्यवस्था. मुख्य कचेरीने अट घातली होती: तारेचा वेग तपासून कळवा. ठरलेले एक पान मुंबईहून मागवायचे, ते दोन मिनिटांच्या आत आणि बिनचूक आले, तर विभाग नागपुरात राहील. नाही आले, तर काम मुंबईला जाईल. आठ जणींच्या नोकऱ्या त्या दोन मिनिटांत अडकल्या होत्या. चाचणीचा दिवस ठरवायचे काम विभागप्रमुख मधुकरराव पिंपळापुरे यांच्यावर सोपवले होते.

प्रेमिलाने आज्ञा टाइप केली आणि स्टॉपवॉच दाबले. यंत्र लगेच खडखडू लागले. एरवी मध्येच थांबून, जणू विसरल्यासारखे, पुन्हा सुरू होणारे ते यंत्र त्या दिवशी एका दमात पान छापून मोकळे झाले. मिनिटाहून थोडा अधिक वेळ. एकही अक्षर चुकले नव्हते. तिने चाचणी पुन्हा घेतली, मग आणखी एकदा. आकडा हलला नाही. मधुकरराव आपल्या खोलीतून येऊन, चष्मा कपाळावर सारून पाहत होते. त्यांनी निकाल पाकिटात घातला आणि स्वतः पोस्टात टाकायला गेले.

घरी जाताना तिने इतवारीतली वाट धरली. एरवी या गल्ल्यांत हातगाडीच्या मागे हातगाडी, त्यांच्यात अडकलेला टेम्पो, आणि भांड्यांच्या दुकानापुढे कोणी तरी भांडत असलेले. त्या दिवशी सगळ्या हातगाड्या भिंतींना टेकून उभ्या होत्या. ती पाचपावलीला घरी पोचली तेव्हा ताराचंद अंगणात, काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे पाहत होते.

"आज लवकर कशी आली वं?"

"रस्ता खाली होता, बाबा."

"पाय आज जास्त चालले असतीन."

"पाय तेच," ती हसून म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली.

पाय तेच होते, रस्ताही तोच. वेगळे काय होते, ते ती आत्ताच पाहून आली होती. मुंबईच्या संगणकावर रोज जितक्या कचेऱ्या तुटून पडत, त्यांतल्या किती आज कामावर होत्या? ट्रंक कॉल किती कमी झाले असतील, की तारेवर जराही खरखर नव्हती? तिने मोजला होता तो तारेचा वेग नव्हता. लोक घरी बसल्याचा वेग होता.

रविवार तिने कसाबसा काढला. भाजी निवडताना उठली, कपडे वाळत घालताना मध्येच आत आली. ताराचंदांनी दोनदा विचारले, "काय झालं तुले?"

सोमवारी अकराच्या सुमारास, सगळ्या जणी जागेवर असताना, तिने स्टॉपवॉच पुन्हा बाहेर काढले. शेजारी सिंधूताई ठवकर बसत. विभागात सर्वांत जुन्या, जिभेच्या तिखट.

"काहून वं, परीक्षा पास झाली ना? पुन्हा कायले बसून राहिली पेपराले?"

"पाहून राहिली, ताई."

यंत्राने चार ओळी छापल्या आणि ते गप्प झाले. मग तीन ओळी, मग नुसती घरघर. पान पूर्ण व्हायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागला, आणि 'उमरेड' या डेपोच्या नावाच्या जागी कसलीशी चिन्हे उमटली. सिंधूताईंनी कागद पाहिला, प्रेमिलाकडे पाहिले, आणि आवाज खाली आणला.

"हे मुंबईले सांगशील त आठ जणींच्या पोटावर पाय येईल. समजते ना तुले?"

"पण हे असंच चालेल रोज. तीन महिन्यांनी त्यांना कळणारच."

"तीन महिने त जातीन!"

प्रेमिला कागद घेऊन मधुकररावांच्या खोलीत गेली. त्यांनी तो वाचला, घडी घातली, परत तिच्यासमोर ठेवला.

"साहेब, शनिवारची चाचणी खरी नव्हती. ग्रहण होतं म्हणून..."

"माहीत आहे मला. तारीख मीच काढली ना, पंचांग पाहून. लोक शुभकार्याला मुहूर्त पाहतात, मी ग्रहण पाहिलं."

ती उभीच राहिली. "आणि मी येईन, हे?"

"बाकीच्या येणार नाहीत, तुम्ही याल, हे तर पक्कं होतं. रागावू नका. विभाग वाचावा म्हणून केलं."

वडिलांनी कष्टाने मिळवलेली एक गोष्ट, ग्रहण न मानण्याची, कोणी तरी पंचांगाइतक्याच खात्रीने हिशेबात धरली होती. तिला वाटत होते की आपण शनिवारी स्वतःच्या मर्जीने आलो.

"मी मुंबईला कळवणार, साहेब. माझ्या नावानं."

"कळवा," मधुकरराव म्हणाले. ते चिडले नाहीत, हे तिला अधिक टोचले. "पण नुसतं वाईट कळवू नका. काही उपायही कळवा."

उपाय तिच्याजवळ नव्हता. तो निघाला जेवणाच्या सुट्टीत, सिंधूताईंच्या टोमण्यातून. "लोक घरी बसले की मशीन पळते म्हणतेस. मंग आता आपणच यावं काय, लोक उठाच्या आधी?" सगळ्या हसल्या. प्रेमिला हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती सकाळी सातला पहारेकऱ्याला उठवून वर गेली आणि पान मागवले. ते दीड मिनिटात आले, स्वच्छ.

तिने तिन्ही आकडे मुंबईला पाठवले: शनिवारचा, ग्रहण होते अशा उल्लेखासकट, सोमवारचा, मंगळवार सकाळचा. पाठवल्यावर तिला बरे वाटेल असे वाटले होते. तसे झाले नाही. उत्तर येईपर्यंत विभागात तिच्याशी कामापुरतेच बोलले जाई.

उत्तर आले ते असे: विभाग नागपुरात राहील, टर्मिनलचे काम सकाळी सहा ते दहा या वेळेत होईल. आठही जागा वाचल्या. सिंधूताईंनी कागद वाचला आणि प्रेमिलाच्या टेबलावर आणून ठेवला.

"माह्या घरी सासू अंथरुणावर आहे. सकाळी नळ येते, तिले उठवा-धुवा लागते. मी सहाले कशी येऊ वं?"

"मी साहेबांना सांगते, तुमच्यापुरती वेळ..."

"नको सांगू. तू सांगतलं की कायदा होते."

महिन्याभरात सिंधूताईंनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चिवडा वाटला. प्रेमिलाला जरा जास्त घातला. प्रेमिला पुढे पुष्कळ वर्षे सकाळी सहाला त्या टर्मिनलसमोर बसली. ताराचंदांना तिने ग्रहणाच्या दिवसाची हकीकत सांगितली, पण ती येईलच ही मधुकररावांची खात्री कशावर बेतलेली होती, तेवढे गाळून.

काही गोष्टी कळलेल्या नाहीत. मुख्य कचेरीने निर्णय तिच्या तीन आकड्यांवरून घेतला, की शनिवारचे पाकीट आधीच पोचून मंजूर झाले होते आणि वेळेचा बदल नंतर जोडला गेला, हे सांगता येत नाही. मधुकररावांनी तिच्या बाजूने काही लिहिले होते का, याचाही पत्ता नाही. सिंधूताईंनी नोकरी वेळेपायी सोडली, की सासूच्या आजारपणात ती तशीही सुटणार होती, हे प्रेमिलाने त्यांना कधी विचारले नाही. आणि त्यांनीही आपणहून सांगितल्याचे कोणाच्या आठवणीत नाही.