आधी साबण

रमणकाका कुणालाही ‘ये, बस’ म्हणण्याआधी हात धुवायचे. अंगणातल्या नळाखाली, कोपरापर्यंत साबण लावून, नखांत ब्रश घालून. पाहुणा तोवर ताटकळत उभा. कुणी गप्पा सुरू केल्याच तर नळाकडूनच ओरडायचे, “आधी साबण!” माझी आई म्हणायची, काकांचे हात एक दिवस फेसाबरोबर वाहून जातील. तीस वर्षं ते एका फ्लाइंग क्लबात लहान विमानांची इंजिनं दुरुस्त करत होते. निवृत्त होऊन आमच्या गावी, कैनाडला आले तरी सवय सुटली नाही.

आमच्या दोन घरांमध्ये फक्त चिकूची चार झाडं. तरी मी त्यांच्याशी फारशी बोलले नव्हते. इंग्रजी शाळेतली म्हणून शिष्ट, असा गावाचा समज होता आणि तो मला सोयीचा होता.

पायलटचं प्रशिक्षण सुरू झाल्यावर पहिल्यांदा सुट्टीला आले, तेव्हा धुवायच्या कपड्यांची उघडी बॅग ओटीवर टाकली. ताईची आठ महिन्यांची मीरा रांगत आली, माझ्या युनिफॉर्मची बाही ओढून चोखू लागली. आम्ही हसत होतो. वाडीतून येणारे काका थेट पायऱ्या चढले आणि त्यांनी तिच्या तोंडातून बाही काढली. हात न धुता आलेले काका मी फक्त तेव्हाच पाहिले.

बाहीचा वास घेऊन म्हणाले, “निळं पेट्रोल.”

खरंच होतं. उड्डाणाआधी पंखातल्या टाकीतून थोडं इंधन बाटलीत काढून त्यात पाणी नाही ना, ते बघायचं. मग ते गवतावर फेकायचं आणि ओले हात कपड्यांना पुसायचे. आम्ही सगळेच तसं करायचो.

काकांनी ताईला मीराचं तोंड, हात धुवायला लावले आणि मला नळाशी नेलं. “त्यात शिसं असतं, पोरी. गाड्यांच्या पेट्रोलमधून कधीच काढलं, या विमानांच्यात अजून आहे. अंगात गेलं तरी कळत नाही, हीच भानगड. आणि लहान पोराच्या मेंदूला जास्त बाधतं.”

माझ्या हाताला साबण लावता लावता त्यांनी नितूचं सांगितलं. नितू त्यांचा मुलगा, आता चाळिशीचा. वाडीत चिकू भरताना विसाच्या पुढे त्याची मोजणी चुकते, मग तो न कुरकुरता पहिल्यापासून सुरू करतो. तो लहान असताना काका क्लबातलं असं उरलेलं पेट्रोल डब्यातून घरी आणायचे. दर रविवारी बापलेक उघड्या हातांनी त्यात सायकलची चेन धुवायचे. नितूला तो निळा रंग फार आवडायचा.

“त्यानेच झालं असं नाही म्हणत मी. कोणी तपासलंच नाही तेव्हा,” काका म्हणाले. “मला माहीत नव्हतं. तुला आता माहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर डहाणूला डॉक्टरांकडे आले. मीराचं आणि माझं रक्त मुंबईला तपासायला गेलं. रिपोर्ट येईपर्यंत काका रोज सकाळी कुंपणाशी येऊन नुसते उभे राहायचे. काळजीचं काही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा काकांनी दोन्ही रिपोर्ट मागून घेतले, पुन्हा पुन्हा वाचले आणि नळाकडे गेले. बराच वेळ पाणी वाहत होतं.

माझे युनिफॉर्म आता घरी येत नाहीत. फ्लाइंग स्कूलमध्ये ‘हे गवतावर नको, डब्यात ओतू या’ एवढं वाक्य बोलायला मला तीन आठवडे लागले. सर हसले, पण डबा आला. सगळेच त्यात ओततात असं नाही. मी ओतते.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. निरोप मिळाला तशी मी विमानतळावरून थेट कैनाडला आले. अंगण माणसांनी भरलं होतं. रडू आवरत मी पायऱ्यांकडे निघाले, तर नितू वाटेत येऊन उभा राहिला. त्याच्या हातात काकांची साबणदाणी होती.

“आधी साबण,” तो म्हणाला.

सगळ्यांसमोर मी कोपरापर्यंत हात धुतले. नखांत ब्रश घातला. माझं होईपर्यंत तो टॉवेल धरून उभा होता. मग बाजूला सरला आणि म्हणाला, “ये, बस.”