शिशाच्या नऊ लाद्या

काटेबाईंना काळजी करायला कारण लागत नसे. गॅस बंद केलाय का, शेजाऱ्यांच्या गच्चीवरची कुंडी वाऱ्याने कुणाच्या डोक्यात पडेल का, पोस्टमनच्या सायकलचे ब्रेक लागतात का, असलं काहीही त्यांना पुरे. त्यात त्यांची एकुलती एक मुलगी क्रेन चालवायची, म्हणजे काळजीला हक्काचं घरच मिळालेलं. दिवसातून तीनदा फोन जायचा. पाणी प्यायलीस का, क्रेनचे पाय कडक जमिनीवर टेकवलेस ना, वारा सुटलाय गं. साइटवरची पोरं त्या फोनला भोंगा म्हणत. "ताई, भोंगा वाजतोय," असं कुणीतरी ओरडलं की मुलगी फोन कानाला लावून "हो आई, हो, हो, नाही, हो," एवढं म्हणायची आणि ठेवून द्यायची. प्रश्न कुठल्या क्रमाने येणार हे तिला पाठ होतं.

बाई कामावर असत तेव्हा मात्र त्यांचं हे रूप कुणी पाहिलं नव्हतं. काटेबाई हे नाव त्यांना पडलं ते हवाई दलाच्या तळावर. सव्वीस वर्षं त्यांनी तिथे लढाऊ जेट विमानं जोखली. विमानाची मोठी दुरुस्ती झाली, रंग दिला, एखादं नवं यंत्र बसवलं, की उडण्याआधी ते काटाघरात यायचं. तीन चाकांखाली तीन काटे. हँगरची दारं बंद, कारण फटीतून आलेली झुळूकसुद्धा पंखाला किंचित उचलते आणि काटा खोटं बोलतो. आत बाईंचा शब्द शेवटचा. एकदा एक विमान सात किलोंनी जास्त भरलं. "सोडा हो बाई, सात किलो म्हणजे एक मोठं कलिंगड," असं खुद्द वरचे साहेब म्हणाले. बाईंनी सही केली नाही. दीड दिवस विमान खोलखोलून पाहिलं तेव्हा शेपटीच्या पोकळीत एका मेकॅनिकची हत्यारांची पिशवी सापडली. तो मेकॅनिक पुढे कुठेही बदलून गेला तरी वर्षातून एकदा बाईंना फोन करायचा आणि म्हणायचा, "बाई, कलिंगड बोलतोय."

वजनापेक्षाही त्यांचं लक्ष तोलावर असे. या जातीच्या विमानाला शेपटीकडे जड इंजिन आणि पुढे निमुळतं, हलकं नाक. म्हणून नाकाच्या अगदी टोकाला, झाकणाआड, एक लोखंडी फळी होती आणि तिच्यावर शिशाच्या नऊ लाद्या बोल्टने आवळलेल्या. एकेक वीस किलोंची. तेवढ्या होत्या म्हणून विमान आकाशात सरळ राहायचं.

मग ती विमानं म्हातारी झाली. एकेक करून सेवेतून निघाली. निघालेल्या विमानाचं काय होतं, हे बाईंनी जवळून पाहिलं. इंजिन निघून दुसऱ्या, अजून उडणाऱ्या विमानात जायचं. रडार, तोफ, वैमानिकाचं आसन निघायचं. मग उरलेला सांगाडा ज्याने मागितला त्याच्याकडे. एक भंगारात जाऊन कापलं गेलं. एक अग्निशमन दलाने नेलं, ते त्याला दर महिन्याला आग लावतात आणि विझवायला शिकतात. एक बागेत उभं राहिलं, त्याच्या पंखाच्या सावलीत निवृत्त मंडळी पत्ते कुटत बसतात. आणि प्रत्येक विमान फाटकाबाहेर पडायच्या आदल्या दिवशी काटेबाई पाना घेऊन जायच्या, नाकाचं झाकण उघडायच्या आणि आपल्या नऊ लाद्या काढून घ्यायच्या. शिसं काटाघराचं. ते विमानाचा भाग मानलं जात नसे, त्यामुळे काढलेल्या भागांच्या यादीतही त्याची नोंद होत नसे. ही रीत बाईंच्या आधीपासूनची होती आणि त्यांनी ती अभिमानाने पाळली. एकही लादी कधी तळाबाहेर गेली नाही. शेवटचं विमान गेलं त्याच महिन्यात बाईही निवृत्त झाल्या.

दोन वर्षांनी एका तंत्रनिकेतनाने त्यातलंच, तळाबाहेरच्या एका गोदामात पडून राहिलेलं एक विमान मागून घेतलं. इमारतीपुढच्या अंगणात तीन लोखंडी खांबांवर ते बसवायचं ठरलं. खांब उभे राहिले. विमान ट्रेलरवरून येऊन स्वतःच्या चाकांवर उभं राहिलं. आणि ते उचलून खांबांवर ठेवायचं काम बाईंच्या मुलीकडे आलं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. कंपनीत आठ ऑपरेटर, सात पुरुष. हिला ते मिळालं म्हणून चार जणांनी तोंडं वाकडी केली होती.

"आई, तू यायचं नाहीस," मुलीने सकाळी बजावलं.

"मी कशाला येतेय? मला काय कामं नाहीत?"

दहा वाजता बाई अंगणात हजर. हातात डबा.

"डबा विसरलीस गं!" त्या खालून ओरडल्या.

"माझा डबा माझ्यापाशी आहे!" मुलगी केबिनमधून म्हणाली. खाली उभी असलेली पोरं हसली. वर्गांच्या खिडक्यांतून विद्यार्थी लटकले होते, तेही हसले.

"मग हा संध्याकाळचा समज," बाई म्हणाल्या आणि बांधलेल्या दोरीपाशी उभ्या राहिल्या. क्रेनचे पाय त्यांनी नजरेने तपासले. खाली जाड फळ्या घातलेल्या. बरं. विमानाच्या पाठीवरच्या चार कड्यांत साखळ्या अडकवलेल्या, वर हुकात एकत्र आलेल्या. तेही बरं. मग त्यांची नजर पुढच्या चाकाच्या पायावर गेली आणि तिथेच थांबली.

विमानाच्या चाकाच्या पायात एक चकचकीत दांडी असते. वर भार असेल तसतशी ती आत दबते. इंजिन काढलेलं विमान नाकावर जड होतं, म्हणजे ती दांडी जेमतेम दोन बोटं दिसायला हवी. इथे पुरती पाच बोटं चमकत होती.

बाई दोरीखालून वाकून आत गेल्या.

"ओ काकू, आत नाही यायचं!" कंत्राटदार धावला.

"या साखळ्या कुणी लावल्या?"

"मी," एक तरुण इंजिनिअर पुढे आला. चांगला, मर्यादशील मुलगा. "काय झालं काकू?"

"शेपूट खाली जाईल."

"नाही जाणार. इंजिन काढलंय ते मी हिशेबात धरलंय. हुक तेवढा पुढे घेतलाय. ही बघा ना यादी, काय काय काढलंय ते सगळं आहे."

बाईंनी चष्मा लावून यादी वाचली. इंजिन होतं. रडार, तोफ, आसन होतं. घड्याळांसकट सगळं ओळीने होतं. खाली प्रत्येक चाकावरचा भार लिहिला होता आणि तीन सह्या होत्या. तिसरी त्यांची स्वतःची. काटाघराची हरकत नाही, असं लिहून त्याखाली ठसठशीत केलेली.

शिसं कुठेच नव्हतं. कसं असणार? ते त्यांनीच काढून घेतलं होतं आणि त्यांनीच लिहिलं नव्हतं. त्या पोराने कागदाबरहुकूम काम केलं होतं आणि कागद बाईंमुळेच अपुरा होता. विमान वर गेलं की शेपूट झुकणार, तिरकं झालेलं ते धूड खांबांवर आदळणार, आणि चाळीस फुटांवर, काचेच्या केबिनमध्ये, त्यांची मुलगी.

वर केबिनचं दार उघडलं. "आई, प्लीज! नंतर बोलू ना!"

"ताई, आईंना समजावा," कंत्राटदार घड्याळ बघत म्हणाला. "दुपारी वारा वाढतो. अकराच्या आत उचललं नाही तर आज होत नाही. तुम्हाला जमत नसेल तर मी दुसरा ऑपरेटर बोलावतो, तो दहा मिनिटांवर आहे."

बाईंच्या ओठांवर शंभर गोष्टी आल्या. खाली उतर, उन्हात बसू नकोस, जिवाला जप, मी सांगते ते ऐक. त्यांतली एकही त्या बोलल्या नाहीत.

"पुढच्या चाकावर चारशे किलो आहेत," त्या म्हणाल्या. "कागदावर सहाशे चाळीस आहेत."

क्रेनच्या इंजिनाची घरघर थांबली. मुलगी शिडीवरून खाली उतरली.

"हे काय?" कंत्राटदार म्हणाला. "आईने सांगितलं म्हणून काम बंद?"

"आईने सांगितलं असतं तर बंद केलं नसतं," मुलगी हातमोजे काढत म्हणाली. "माझी आई काळजीत असली ना, की तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. विचारा या पोरांना. आत्ता तिने नुसता आकडा सांगितला. हे काटेबाई बोलल्या. दुसरा ऑपरेटर बोलवायचा तर बोलवा, पण पुढचं चाक जोखल्याशिवाय मी हुक हलवणार नाही."

इंजिनिअरने मान खाजवली. "वर्कशॉपमध्ये फलाटी काटा आहे. पण पाचशे किलोंचा. त्याच्यावर सहाशे चाळीस चढले तर मोडेल तो."

"चढणारच नाहीत," बाई म्हणाल्या. "आण तू."

मग अंगणात काटाघर उभं राहिलं. मागच्या चाकांखाली काट्याच्या उंचीएवढ्या फळ्या सरकवायला लावल्या, कारण विमान तिरकं असेल तर आकडाही तिरका येतो. हँगर नव्हता, तेव्हा बाईंनी कॉलेजची बस वाऱ्याच्या बाजूला आणून उभी करवली. पंखाला टेकलेल्या दोन पोरांना हाकललं. कंत्राटदार फोनवर बोलत होता, त्याला म्हणाल्या, "तिकडे जाऊन बोला." तो गेला. जॅकने नाक उचललं, काटा खाली सरकवला, जॅक उतरवला. इंजिनिअरने डोळे मिटून घेतले होते. काटा करकरला, पण मोडला नाही.

"किती?" बाईंनी विचारलं.

"तीनशे शहाण्णव," इंजिनिअर म्हणाला.

"चार किलो कुठे गेले?" बाईंच्या कपाळाला आठी पडली.

मुलगी मोठ्याने हसली. मग सगळं अंगणच हसलं. इंजिनिअर तेवढ्यात वहीत आकडेमोड करत होता. "म्हणजे तोल एक वीतभर मागे आहे," तो म्हणाला. "आणि थोडा जास्तच. तिरकं होऊन साखळ्या... बापरे."

"तुझी चूक नाही," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "नाकात एकशे ऐंशी किलो शिसं होतं. मी काढलं आणि मी लिहिलं नाही. माझ्या सहीची अशीच आणखी विमानं बाहेर गेलीयत. आधी तळावर फोन कर. कुठे कुणी उचलणार असेल तर थांबव. मग आपण याचं बघू."

फोन झाला. आता नाकात वजन घालायला हवं होतं, कारण खांबही कागदावरच्या तोलानुसार बांधलेले. शिसं आणायचं कुठून? बाईंनी व्यायामशाळेकडे बोट दाखवलं. व्यायाम शिक्षक वजनाच्या वीस-वीस किलोंच्या नऊ लोखंडी चकत्या ढकलगाडीवर घालून घेऊन आले. त्यांचा चेहरा मुलीला सासरी धाडावं तसा.

"परत कधी मिळतील?" त्यांनी विचारलं.

"नाही मिळणार," बाई म्हणाल्या. "पण येता-जाता दिसतील."

शिशापेक्षा लोखंड जागा जास्त खातं. सगळ्या चकत्या फळीवर मावेनात. बाई गुडघ्यांवर बसल्या, नाकाच्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला आणि एकेक फिरवून बसवत गेल्या. साडीला ग्रीस लागलं. नवव्या चकतीचा बोल्ट आवळून त्या उठल्या तेव्हा पुन्हा जोखलं. सहाशेच्या वर जाणार म्हणून या वेळी कॉलेजच्या भांडारातून तसाच दुसरा काटा आणवला आणि दोन्ही एका फळीखाली जोडून घेतले. आकडा कागदाला जुळला. पायातली दांडी दोन बोटं उरली.

अकराला सात मिनिटं कमी होती. मुलगी शिडी चढून वर गेली. क्रेन सुरू झाली. इंजिनिअरने आपल्या हातातला वॉकी-टॉकी बाईंच्या हातात दिला.

त्यातून मुलीचा आवाज आला. "काटेबाई, उचलू?"

सव्वीस वर्षांत हवाई दलाच्या कितीतरी माणसांनी त्यांना या नावाने हाक मारली होती. घरातल्या माणसाने पहिल्यांदाच मारली.

"हातभर उचल आणि थांब."

साखळ्या ताणल्या गेल्या. पुढचं चाक आणि मागची दोन, तिन्ही एकाच वेळी जमिनीवरून सुटली. विमान हातभर वर थांबलं. नाक खाली नाही, शेपूट खाली नाही. इंजिनिअरने पंखावर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध येऊन बसला.

"चल," बाई म्हणाल्या.

आणि ते वर चढलं. इंजिन नाही, आसन नाही, पाठीला चार साखळ्या. तरी असं सरळ, असं सावकाश चढलं की खिडक्यांतून आधी कुजबुज आली, मग टाळ्या, मग नुसता कल्ला. व्यायाम शिक्षक सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. मुलीने विमान खांबांच्या वर नेलं, जरा वळवलं आणि बोटभर, बोटभर करत खाली आणलं. वर मचाणावर उभ्या माणसांनी पहिल्या खांबाची खीळ भोकात सोडली. ती गेली. दुसरी गेली. अशा कामात तिसरी खीळ नेहमी अडते, घण मारावा लागतो. मचाणावरच्या माणसाने घण उचललाही होता. त्याने सवयीने आधी खिळीवर अंगठा टेकवून पाहिला, आणि खीळ अंगठ्यानेच आत गेली.