पाहुण्यांना दाखवलेलं पाणी

आमच्या गावाला आजतागायत पूर आलेला नाही. गाव बसवणाऱ्या पूर्वजांनी तेवढी काळजी घेतली होती. चांगलं उंच, मुरमाड टेकाड त्यांनी निवडलं, खाली एक नाला ठेवला आणि निर्धास्त झाले. तापी तशी फार लांब नाही. दोंडाईच्याहून शहाद्याकडे जाताना पुलाखाली दिसते, भरलेलीही असते. पण नदीला चढ चढता येत नाही, आणि आमच्या नाल्याला दिवाळीनंतर वाहायचा कंटाळा येतो. होळी झाली की सगळं गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतं. पुराची भीती मात्र नाही, हे मान्य करायला हवं.

आमच्याकडे मुलीचा बाप स्थळ पाहायला निघाला की आधी पाणी विचारतो, मग जमीन, मग कामधंदा. मुलगा बरा आहे का, हे त्यानंतर, वेळ उरला तर. त्यात त्याचं काही चुकत नाही. हंडा कुणाच्या डोक्यावर येणार हे त्याला ठाऊक असतं. माझ्या वेळी आईनेही हेच केलं आणि मला जळगावात दिली, कारण तिथे घरात नळ होता. पाणी कोणत्या दिवशी येणार हे मी अजून शेजारणीला विचारते, पण नळ आहे.

या हिशेबाने माझा मोठा भाऊ तिशी ओलांडली तरी बिनलग्नाचा राहिला. दिसायला चांगला, सुपारीचंही व्यसन नाही, दोंडाईच्यात पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. दुनियेच्या विहिरींचं पाणी हा वर काढून द्यायचा आणि आमच्या गावाचं नाव ऐकलं की मुलीवाले चहा अर्धा ठेवून उठायचे. वडील गेल्यापासून घरात आई आणि तो, दोघंच. आईच्या गुडघ्यांनी कुरकूर सुरू केली होती. तिला सून हवी होती आणि ती ते लपवायची नाही. "घरमा बोलाले तरी कोनी पाह्यजे," म्हणायची.

अशात चोपड्याकडचं एक स्थळ आलं. तापीकाठचं, केळीच्या बागांचं गाव. वैशाखात घर पाहायला येतो, असं त्यांनी कळवलं. वैशाखातच का, हे विचारायची गरज नव्हती. श्रावणात सगळीच गावं देखणी असतात.

निरोप आला तशी मीही माहेरी पोचले. गल्लीने हे लग्न अंगावर घेतलं होतं. बायांनी आपापल्या घरचे भरलेले हंडे आणून आमच्या टाकीत रिते केले. शेजारच्या अक्काने तर आपल्या घरातलं प्यायचं पाणीही ओतलं. अंगणात सडा पडला. वैशाखात सडा म्हणजे आमच्याकडे थेट श्रीमंती. दारात सरकारी पाणीयोजनेचा एक कोरडा नळ कित्येक वर्षं उभा होता, त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो. भावाने त्याला मागून नळी लावली आणि ती घरावरच्या सपाट मातीच्या धाब्यावर चढवलेल्या टिपाडाला जोडली. टिपाड आटू नये म्हणून त्याचे दोन मित्र भरलेल्या कळशा घेऊन वर दडून बसले. दोघंही बिनलग्नाचे. याचं जमलं तर आपलंही जमेल, एवढ्या आशेवर माणूस आमच्याकडच्या उन्हात भर दुपारी धाब्यावर बसू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पाहुणे जीपगाडी भरून आले. उतरले ते सरळ नळाकडे. मुलीच्या मामांनी तोटी सोडली, पाय धुतले, तोंड धुतलं, चुळा भरल्या, आणि तोटी तशीच चालू ठेवून माझ्या काकांशी केळीच्या भावावर बोलत उभे राहिले. धाब्यावरून कळशी ओतल्याचा आवाज आला. "मांजरं शेतस," काका म्हणाले. मामांनी मान हलवली आणि आणखी एक चूळ भरली.

मग मुलीचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत होते, ते म्हणाले, "भू ऊन शे. आंघोळ करी लेऊ का?"

"करा ना नाना," आई म्हणाली, "पानीनी काय कमी शे?"

आई इतकं मोठं खोटं इतक्या सहज बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. नाना न्हाणीत गेले ते लवकर बाहेर येईनात. आतून तांब्यामागून तांबे ओतल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक तांब्याला अक्का माझ्याकडे बघत होती. पाणी तिचं होतं ना.

वरण-बट्टीचं जेवण झालं. नाना ओले केस विंचरून लोडाला टेकले आणि म्हणाले, "पानी भू शे तुमना गावमा. जीव थंडा व्हयना." आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. धाब्यावरही सोडला असावा. "पन एक बोलनं शे," नाना पुढे म्हणाले. त्यांची थोरली मुलगी सुरतला असते. जावयाच्या ओळखीने तिथल्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करायचं काम लगेच मिळेल. धाकटीलाही बहिणीजवळच द्यायची, असं घरात ठरलं आहे. मुलगा सुरतला जायला तयार असेल तर आजच सुपारी फोडू.

माझं डोकंच फिरलं. "मग एवढं पाणी कशाला पाहिलं नाना?" मी विचारलं.

"दिवाळीले पोर येई, तवय हाल नको," नाना शांतपणे म्हणाले.

दिवाळीत आमच्या नाल्यालाही पाणी असतं, हे मी ओठांवर आलेलं गिळलं. भाऊ खाली मान घालून बसला होता. तो आधीच मुलगी पाहून आला होता आणि त्याला ती पसंत होती, हे मला माहीत होतं, आणि आईला सोडून जायचं नव्हतं, हेही माहीत होतं. त्याने एकदा आईकडे पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. मुलाचं लग्न आणि घरात माणूस, एवढंच तिने मागितलं होतं. आता एक मिळणार होतं ते दुसरं कायमचं घेऊन.

"जाई ना," आई म्हणाली. "का नही जाई? तुम्ही तारीख काढा."

मला तिचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त तिची माया आली. तिथे बसवेना. उठून आत गेले आणि उगाच भांडी घासायला घेतली. टाकीत थेंब नव्हता, म्हणून राखेने कोरडीच घासली.

लग्न थाटात झालं. वहिनी गुणाची आहे, तिला नाव ठेवायला जागा नाही. दर रविवारी आईला फोन करते. सुरतच्या खोलीत दोन्ही वेळ पाणी येतं म्हणे, आणि भाऊ तिथे सुखात आहे. धाब्यावर बसलेल्या त्या दोघांचीही लग्नं झाली. गावाने त्यांच्यासाठीही पाणी साठवलं, पाहुण्यांना न्हाऊ घातलं. एक वापीला गेला, दुसरा नाशिकला. पोरींचे बाप येतात, पाणी पाहतात, खूश होतात आणि आमची पोरं घेऊन जातात. अक्कालाही तिच्या मुलाने नेलं. गल्लीत आता कुलपंच जास्त.

यंदा वैशाखात मी गेले तेव्हा ओट्यावरची टिपाडं काठोकाठ भरलेली, वर फडकी बांधलेली. मला बरं वाटलं. टँकरच्या खेपा वाढल्या वाटतं, असं मी आईला म्हणाले.

"खेपा तितल्याच शेतस, बेटा," आई म्हणाली. "पेनारं कोनी ऱ्हायनं नही."